अणुबॉम्बमागचा लष्करी इंजिनिअर, जनरल ग्रोव्ह्ज

अणुबॉम्ब म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी ओपेनहायमर या शास्त्रज्ञाचंच नाव येतं, पण त्याला लॉस अलामोसच्या, बॉम्ब बनवणाऱ्या लॅबचा प्रमुख नेमला तो लेस्ली ग्रोव्ह्ज नावाच्या अमेरिकन लष्करातल्या इंजिनिअरने, आणि माझ्या मते बॉम्ब १९४५ मध्ये तयार झाला तो याच माणसामुळे. १९४२ मध्ये ग्रोव्ह्ज कर्नल होता, लष्कराची बांधकामं बघायचा, पेंटागॉनची बिल्डिंगसुद्धा त्याच्याच देखरेखीखाली उभी राहत होती. त्याला जायचं होतं आघाडीवर, पण १७ सप्टेंबरला सांगण्यात आलं की ते विसर, अणुबॉम्बच्या प्रोजेक्टचं काम घे. खूप नाराज झाला, पण म्हणाला की आधी ब्रिगेडियर जनरलचं प्रमोशन होऊ दे मग चार्ज घेतो, कारण शास्त्रज्ञ कर्नलला तेवढा मान देणार नाहीत.

प्रोजेक्ट तोवर रखडलेला होता, जमीन घेतलेली नव्हती, सामानाला प्रायॉरिटी नव्हती. याने दोन दिवसांत टेनेसीत ओक रिजला युरेनियमच्या कारखान्यांसाठी जमीन घ्यायला मंजुरी दिली, सगळ्यात वरची प्रायॉरिटी भांडून मिळवली, आणि न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर बेल्जियन काँगोतलं बाराशे टन युरेनियमचं खनिज नुसतं पडून होतं ते त्याच्या हाताखालच्या निकल्सने जाऊन ताब्यात घेतलं. तांबं युद्धामुळे मिळेना तर प्रोजेक्टने बॉम्बसाठी लागणारं युरेनियम वेगळं करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइल्ससाठी सरकारी खजिन्यातली १४,००० टनांच्या वर चांदी उसनी आणली!! ओपेनहायमरच्या कम्युनिस्ट ओळखींमुळे सिक्युरिटीवाले त्याला क्लिअरन्स देत नव्हते, तर जुलै १९४३ मध्ये ग्रोव्ह्जने स्वतः ऑर्डर काढली की हा माणूस मला हवाच.

पण याच झपाट्याची दुसरी बाजू वाचताना मला खरंच त्रास होतो. टार्गेट ठरवणारी कमिटी त्याचीच, आणि त्याला क्योटो हवं होतं. युद्धमंत्री स्टिमसनने ते जुनं, देवळांचं शहर यादीतून काढलं तरी हा परत परत तोच विषय काढत राहिला. २५ जुलै १९४५ च्या ऑर्डरचा मसुदाही याचाच, त्यात लिहिलं होतं की पहिल्यानंतरचे बॉम्ब तयार होतील तसे टाकत जा, म्हणजे नागासाकीसाठी राष्ट्राध्यक्षांची वेगळी परवानगी लागलीच नाही. १० ऑगस्टला त्याने वर कळवलं की पुढचा बॉम्ब १७-१८ तारखेनंतर तयार असेल, त्याच कागदावर लष्करप्रमुख जनरल मार्शलने हाताने लिहिलं की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही.