बालपणीचा भावनिक छळ आणि स्त्रियांमधलं नैराश्य : अभ्यास इथवर कसा आला

मुलांच्या छळाकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं ते मोडलेल्या हाडांनी. १९६२ साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक्स-रे हा मोठा पुरावा होता. घालूनपाडून बोलण्याचा एक्स-रे निघत नाही. जेम्स गार्बारिनो यांनी भावनिक छळाचे पाच प्रकार मांडले तेव्हा १९८६ उजाडलं होतं: झिडकारणं, एकटं पाडणं, धाक घालणं, दुर्लक्ष करणं, वाईट वळण लावणं.

स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास तोवर दुसऱ्या वाटेने चालला होता. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. १९७८ साली त्यांनी दाखवलं, की वयाच्या ११ वर्षांआधी आई गमावलेल्या स्त्रिया पुढे संकटात नैराश्याला लवकर बळी पडतात. नंतर अँटोनिया बिफुल्को यांच्यासोबत केलेल्या कामात खरी गोष्ट हाती लागली: आई जाण्यापेक्षाही, त्यानंतर मुलीची आबाळ झाली का, हे महत्त्वाचं. आमच्या मते कळीचं वळण हेच, कारण इथून लक्ष एका घटनेवरून घरातल्या रोजच्या वागणुकीकडे गेलं.

शब्द इतके खोल का रुततात, याचं एक स्पष्टीकरण १९९२ मध्ये रोझ आणि अब्रामसन या मानसशास्त्रज्ञांनी दिलं. मार खाल्लेलं मूल त्या माराचा अर्थ स्वतः लावतं. ‘तू कशाच्याच कामाची नाहीस’ असं रोज ऐकणाऱ्या मुलीच्या हाती तो अर्थ आयताच दिला जातो.

आकडे उशिरा आले. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी विश्लेषणात भावनिक छळ सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याचा ऑड्स रेशो (नैराश्य असलेल्यांचं नसलेल्यांशी प्रमाण, छळ न सोसलेल्यांच्या किती पट, हे सांगणारा आकडा) २.७ निघाला, पुरुषांमध्ये २.५. म्हणजे मुलगेही यातून सुटत नाहीत.

मोजमापात मात्र फसायला होतं. ‘तुमचा छळ झाला का?’ असं थेट विचारलं तर अनेकजणी नाही म्हणतात. ‘घरचे मनाला लागेल असं बोलायचे का, किती वेळा?’ असं विचारल्यावर उत्तर बदलतं. बर्नस्टीन आणि फिंक यांच्या, बालपणीच्या छळाविषयीच्या २८ विधानांच्या प्रश्नावलीत भावनिक छळाची ५ विधानं आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणून बेरीज ५ ते २५. शिवाय बालपण अगदी आदर्श होतं अशा धर्तीची ३ विधानं मुद्दाम घातली आहेत. त्यांना पूर्ण गुण देणारी व्यक्ती बरंच झाकत असण्याची शक्यता असते. नुसत्या बेरजेवरून निदान करू नये.

२००३ साली दीर्घकालीन नैराश्याच्या ६८१ रुग्णांच्या माहितीचं विश्लेषण झालं. बालपणी आघात सोसलेल्यांना नुसत्या औषधापेक्षा नुसत्या मानसोपचाराचा, म्हणजे संवादातून होणाऱ्या उपचाराचा, जास्त उपयोग झाला. पण आघातात धरलं होतं ते पालकांचं लवकर जाणं, शारीरिक वा लैंगिक अत्याचार आणि हेळसांड. भावनिक छळाचा वेगळा रकाना तिथेही नव्हता. त्यामुळे तो निष्कर्ष वाचून कुणीही चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. घरात काय बोललं जायचं, हे मात्र डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावं.