लाइट गेली की जलवाहिनी का फुटते?

पैठणच्या नाथसागरावरून छत्रपती संभाजीनगरला येणारी जलवाहिनी फुटली, की बातमीत दोनच कारणं येतात: लाइन जुनी झाली, किंवा दाब वाढला. दोन्ही खरी. पण हा दाब अचानक येतो कुठून, हे कुणी सांगत नाही, आणि मला सगळ्यात नवल त्याचंच वाटतं.

१४०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत एका किलोमीटरला सुमारे १५०० टन पाणी मावतं. समजा, ते सेकंदाला १ मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, पुढे सरकतंय आणि समोरचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला. सगळं पाणी एकदम थांबत नाही. व्हॉल्व्हला टेकलेला थर आधी थांबतो, मागचा त्याच्यावर आदळतो, त्याच्यावर त्याच्यामागचा. दाबाची ही लाट पोलादी पाइपात सेकंदाला सुमारे १००० मीटर वेगानं उलटी धावते. हा जलाघात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ साली त्याचं गणित मांडलं: पाण्याची घनता × लाटेचा वेग × प्रवाहाच्या वेगातला बदल. इथं १००० × १००० × १, म्हणजे १० लाख पास्कल. १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब, तोही नेहमीच्या दाबावर वाढीव!

लाइट गेली की सुरुवात उलटी होते. पंप थांबतो, पुढे निघालेलं पाणी मात्र धावतच राहतं. मागचा दाब इतका उतरतो की चढाच्या माथ्यावर न तापवताच पाण्याची वाफ होऊन पोकळी पडते. मग पाणी मागे फिरतं, पोकळी मिटते आणि दोन्हीकडचं पाणी एकमेकांवर आदळतं. गंजून निम्म्या उरलेल्या पत्र्यावर त्याच दाबाचा ताण दुप्पट पडतो. शिवाय दाब उतरलेला असताना फटींतून मातीतलं घाण पाणी आत ओढलं जातं.

शहरासाठी २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी हवीच होती. पण नुसता पाइप बदलून हा धक्का जात नाही. सर्ज टँक (दाब चढला की पाणी सामावून घेणारी, उतरला की सोडणारी टाकी), सावकाश मिटणारे व्हॉल्व्ह आणि माथ्यांवर हवा आत-बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह लागतात.

नळ आठ-आठ दिवस आला नाही की गल्लीत तळहातावर नारळ धरणारा पाणाड्या येतो. नारळ उभा राहिला म्हणून बोअरला पाणी लागत नाही. खालच्या काळ्या खडकाच्या भेगांत असेल तरच लागतं. त्याला पैसे देऊ नका.

आणि रस्त्याकडेचा एअर व्हॉल्व्ह हंडाभर पाण्यासाठी ठोकू नका. ठोकला की तो गळू लागतो. ती गळती थांबवायला त्याला बूच मारलं, की पुढच्या वेळी लाइट गेल्यावर हवा आत शिरायला वाट उरत नाही, आणि पोकळी नेमकी तिथंच पडते.