देठ नसलेलं फूल

फेब्रुवारीत काटोलकडे संत्र्याचा आंबिया बहर फुटतो, बागेशेजारून जाताना नाक भरून वास येतो. त्याच सुमारास युरोपात बर्फ वितळू लागतो आणि कुरणांत क्रोकसची जांभळी, पिवळी, पांढरी फुलं डोकावतात. आपलं केशर याच कुळातलं, फक्त उलट्या हंगामाचं: काश्मिरात पांपोरला ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं.

क्रोकसच्या पेल्यासारख्या फुलाखाली पांढरी दांडी दिसते. देठच वाटतो, पण तो देठ नव्हे. पाकळ्याच खाली जुळून नळी झालेली असते. ती थेट मातीत उतरते आणि बीजाशय तिच्या तळाशी, जमिनीखाली. वर फूल गारठून गेलं तरी व्हायचं बी मातीच्या पांघरुणात. बी तयार होत आलं की मग खरा देठ लांबतो आणि बोंड वर येतं.

पाकळ्या उघडतात त्या उबेनं. ऊब लागली की पाकळीच्या आतल्या बाजूची वाढ बाहेरच्यापेक्षा जास्त होते, पाकळी बाहेर कलते, गारव्यात उलट. एखाद्या अंशाचा फरकही पुरतो.

कंद सुरणासारखा भरीव. दरवर्षी नवा कंद जुन्याच्या डोक्यावर बसतो. असं होता होता तो उघड्यावरच यायचा, पण काही मुळं आकसून त्याला पुन्हा खाली ओढतात. मला हे सगळ्यांत भारी वाटतं.

मी पाच कंद मागवून बाल्कनीतल्या कुंडीत लावले होते. मधोमध पांढरी रेघ असलेली बारीक पानं आली, फूल एकही नाही. कळी उन्हाळ्यातच कंदात तयार होते, पण ती वर यायला काही आठवडे सलग थंडी लागते. संत्र्याला पाणी तोडून ताण देतात, तसा याला गारठ्याचा ताण. नागपूरच्या डिसेंबरात रात्री हुडहुडी भरते खरी, दुपारी मात्र स्वेटर काढावा लागतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, “फ्रीजमध्ये ठेवायचे होते ना जी!” बरोबरच होतं त्यांचं. फक्त जवळ केळी-सफरचंदं नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते.

एवढा खटाटोप नको असेल, तर पहिल्या पावसानंतर आपल्या विदर्भातल्या जंगलात खाली बसून काळी मुसळी शोधा. जमिनीला टेकलेली सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी दिसेल. तिच्याखालची दांडीही अशीच फसवी, आणि बीजाशय मातीत.