डासांचा बंदोबस्त हवेत नव्हे, पाण्यात

मोठ्या मनोरंजन उद्यानात डास वाढले की संशय आधी तळ्यावर जातो. पण ज्या तळ्यात मासे आहेत, पाणी हलतं आहे आणि काठावर गवत माजलेलं नाही, तिथे अळ्या फारशा टिकत नाहीत. पैदास होते ती नजरेआड: गटाराच्या चेंबरमध्ये, तुंबलेल्या पन्हळीत, ताडपत्रीच्या घडीत, कुंपणाच्या पोकळ खांबात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला तर बाटलीच्या झाकणाएवढं पाणीही पुरतं.

उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून तपासणीची फेरी दर आठवड्याला हवी. पंधरवड्याने गेलात तर एक पिढी उडून गेलेली असते. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की फुटतात, तेव्हा भांडं आतून खसाखसा घासायलाच हवं. खांबाच्या तोंडावर टोपण बसवावं.

चेंबरसारख्या न उपसता येणाऱ्या पाण्यात बीटीआय हे जिवाणूजन्य औषध टाकतात. हा जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला. त्याचं विष अळीच्या अल्कधर्मी आतड्यात गेल्यावरच जागं होतं, त्यामुळे माशांना आणि माणसांना अपाय होत नाही. मात्र अळीचा कोष झाला की ती खाणं थांबवते आणि औषध वाया जातं. त्यामुळे आधी लांब दांड्याचा, साडेतीनशे मिलीलिटरचा डाव काठाशी हळूच बुडवून पाहावा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, अळ्या लगेच तळाशी जातात. डावात स्वल्पविरामासारखे कोष दिसले तर पाण्यावर पातळ थर धरणारं द्रव्य वापरावं. त्याने कोषांचा श्वास कोंडतो.

फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं, ते दलदलीच्या मुलखात. तिथल्या कालव्यांचं आणि निचऱ्याचं काम पाहणारे जो पॉटर त्याआधी पनामा कालवा क्षेत्राचे गव्हर्नर होते. निचरा आधी, फवारणी नंतर, हा क्रम आजही बरोबरच आहे.

धूरफवारणीने फक्त उडते डास मरतात, तेही धूर जमिनीलगत राहिला तर. भर उन्हात तो वर निघून जातो. फवारणीआधी आणि नंतर डासांना ओढून घेणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सापळ्यांतले डास मोजावेत. आठवड्यात आकडा पुन्हा चढला आणि त्यात एडिस जास्त असतील, तर सापळ्याभोवतीचा दोनशे मीटरचा परिसर आधी धुंडाळावा. एडिस सहसा त्यापलीकडे जात नाही.