कन्नी आणि शेपूट : घरी केलेल्या पतंगाची दोन वेगळी औषधे

घरी पहिल्यांदाच केलेला पतंग हवेत जाताच स्वतःभोवती गरगरू लागला, की गच्चीवर उभे असलेले सगळे जण एकमुखाने "शेपूट लाव" असे सांगतात, आणि शेपूट लावल्यावर तो वर चढेनासा झाला, की तीच मंडळी "शेपूट काढ" असे सांगू लागतात. या दोन्ही सल्ल्यांत कन्नीचे नाव निघत नाही. वास्तविक कन्नी आणि शेपूट या दोन गोष्टींची कामे वेगळी आहेत आणि एकीचे काम दुसरीकडून करून घेता येत नाही. पण दोन्हींतला बिघाड जमिनीवरून बऱ्याचदा सारखाच दिसत असल्यामुळे त्यांची गल्लत होते आणि चांगला बांधलेला पतंगही माळ्यावर जाऊन पडतो.

कन्नी म्हणजे पतंगाच्या उभ्या काडीला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बांधलेला दोरा, ज्याच्या मधल्या गाठीला पुढचा लांब दोरा जोडला जातो. काही भागांत तिला मंगळसूत्र म्हणतात, आणि पतंग हातात उभा धरून पाहिल्यास हे नाव का पडले असावे ते लगेच कळते. वाऱ्यापुढे पतंगाने किती कलून उभे राहायचे, हे ठरवणे एवढेच कन्नीचे काम आहे. गाठ वरच्या टोकाकडे सरकवली, की पतंग वाऱ्याला आडवा होतो, म्हणजे त्याची पाठ आभाळाकडे अधिक वळते. गाठ खाली सरकवली, की तो वाऱ्यासमोर भिंतीसारखा उभा राहतो. भिंतीसारख्या उभ्या पतंगाला वारा मागे ढकलतो, वर उचलत नाही. त्यामुळे दोऱ्याला ताण तर भरपूर जाणवतो, पण पतंग समोरच्या घराच्या कौलांच्या वर काही जात नाही. उलट गाठ फारच वर गेली असेल, तर पतंग झपकन चढतो, डोक्यावर येतो, त्याचे नाक फडफडते, दोरा सैल पडतो आणि तो पान गळावे तसा खाली येतो.

शेपटाचा या कलण्याशी फारसा संबंध नाही. शेपूट वाऱ्यात मागे ओढले जाते आणि पतंगाचा खालचा भाग खालीच राहील अशी व्यवस्था करते. पतंग डावीकडे किंवा उजवीकडे वळू लागला, की ही ओढ त्याला पुन्हा सरळ करते. येथे सर्वांत मोठा गैरसमज वजनाचा आहे. शेपूट जड असल्यामुळे पतंग स्थिर होतो, असे समजून लहान मुले त्याला गवताची पेंडी, चिंध्यांचा बोळा, क्वचित दगडसुद्धा बांधतात. प्रत्यक्षात उपयोग होतो तो वाऱ्याने शेपटाला धरून ओढण्याचा. म्हणून लांब आणि हलके शेपूट नेहमी आखूड आणि जड शेपटापेक्षा चांगले काम करते, आणि जुन्या सुती साडीच्या काठाची दोन बोटे रुंदीची पट्टी त्यासाठी पुरते.

आता प्रश्न उरतो तो असा, की बाजारात मिळणाऱ्या पतंगाला शेपूट नसते, तरी तो सरळ कसा उडतो. याचे उत्तर त्याच्या कमानीत आहे. चौकोनी कागदाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत उभी कामटी आणि तिच्यावर धनुष्यासारखी वाकवलेली दुसरी कामटी, अशी त्याची रचना असते. दोरा ओढला, की वाऱ्याच्या दाबाने कमानीची दोन्ही टोके मागे झुकतात, पतंगाला होडीच्या तळासारखा किंचित फुगीर आकार येतो आणि तो नाकाच्या दिशेने सरळ धावतो. ढील दिली, की दाब कमी होऊन कमान पुन्हा सपाट होते आणि पतंग वळू लागतो. काटाकाटी खेळणारा माणूस नेमक्या याच वळण्याचा उपयोग करतो. नाक हवे त्या दिशेला आले, की तो दोरा खेचतो. म्हणजे शेपटाचे स्थिर करण्याचे काम येथे वाकणारी कमान करते, तेही फक्त दोरा ताणलेला असेपर्यंत. अमेरिकेत विल्यम एडी यांनी १८९० च्या दशकात हवामानाच्या निरीक्षणासाठी बिनशेपटीचे मोठे पतंग केले, तेव्हा त्यांनीही आडवी काडी मागे वाकवूनच शेपटाची गरज संपवली होती.

यावरून नवशिक्याने आधी ठरवायचे ते हे, की आपण कोणता पतंग करीत आहोत. मी स्वतः पहिल्या खेपेला ही चूक केली. कमानीचा पतंग केला, ढील देताच तो फिरला, म्हणून घाबरून त्याला हातभर शेपूट लावले, मग तो जड झाला म्हणून कमान आणखी पातळ तासली, आणि शेवटी ती मोडली. पतंगात मुळात काही बिघाड नव्हता. तो त्याच्या जातीप्रमाणे वागत होता.

कमानीच्या पतंगासाठी ४५ सेंटिमीटर बाजूचा चौरस पतंगी कागद घेतला, तर कर्ण सुमारे ६४ सेंटिमीटर येतो आणि तेवढीच उभी कामटी लागते. कमानीची कामटी त्याहून लांब, साधारण ७० सेंटिमीटर घ्यावी आणि ती उभ्या कामटीला वरच्या टोकापासून सुमारे २० सेंटिमीटरवर ओलांडेल अशी बसवावी. बुरुडाकडून बांबूची पट्टी आणून कामट्या घरी तासता येतात, मात्र कमान दोन्ही बाजूंना सारखी वाकते की नाही, हे कागदावर चिकटवण्यापूर्वीच पाहावे लागते. कामटीच्या मध्यावर बोट ठेवून तोलल्यास एखादी बाजू खाली जाते. ती बाजू थोडी थोडी तासत राहावे. चिकटवण्यासाठी मैद्याची पातळ खळ चांगली, कारण जाड डिंक वाळला, की कागद आक्रसतो. कन्नीचा वरचा दोरा दोन कामट्या एकमेकींना ओलांडतात तेथे, आणि खालचा दोरा तळापासून सुमारे १२ सेंटिमीटरवर बांधावा. वरचा आणि खालचा पदर जवळजवळ समान, खालचा बोटभर लांब, अशी सुरुवात करावी. वरचा पदर जसजसा लांब कराल, तसतसा पतंग अधिक चंचल होत जातो.

शेपटाच्या पतंगाला कमान नसते. ६० सेंटिमीटरची उभी काडी, तेवढीच आडवी सरळ काडी, ती वरून १५ सेंटिमीटरवर बांधलेली, आणि चार टोकांभोवती ताणलेला दोरा, एवढ्यात सांगाडा होतो. त्यावर वर्तमानपत्राचा कागदही चालतो, कारण येथे थोडे वजन जास्त झाल्याने फार बिघडत नाही. शेपूट पतंगाच्या उंचीच्या सहा ते आठ पट, म्हणजे साडेतीन ते पाच मीटर ठेवावे. हा आकडा ऐकून पुष्कळांना हसू येते, पण हातभर शेपूट सपाट पतंगाला काहीही आधार देत नाही.

कोणता पतंग आधी करावा, याचे उत्तर सातारा जिल्ह्यात तरी दिवसावर अवलंबून आहे. संक्रांतीला वारा बहुधा मंद असतो, तेव्हा हलका कमानीचा पतंगच वर जातो. फलटणकडे मात्र पतंग नागपंचमीला उडतात, आणि श्रावणातला वारा जोराचा व झोतांचा असतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. अशा वाऱ्यात लहान मुलाच्या हाती शेपटाचा पतंग द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोरा दोन्ही वेळी सुतीच असावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातलेली आहे.

बिघाड ओळखताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पतंग खालीच रेंगाळत असेल आणि दोरा जोराने ओढत असेल, तर कन्नीची गाठ अर्धा बोट वर घ्यावी, शेपटाला हात लावू नये. तो खालीच पण शांत उभा असेल आणि दोऱ्याला झोळ पडत असेल, तर शेपूट जड आहे. एक वीत कापून पुन्हा उडवावे. सपाट पतंग दोन्ही दिशांना गिरक्या घेत असेल, तर शेपूट कमी आहे. मात्र तो दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल, तर दोष कन्नीचा नाही आणि शेपटाचाही नाही. ती बाजू जड आहे किंवा काडी एका बाजूला अधिक वाकते आहे, आणि विरुद्ध टोकाला कागदाची लहानशी चिंधी चिकटवल्यावर तो सरळ होतो.

हे सर्व करूनही पतंग गटांगळ्या खात असेल, तर आपण कोठे उभे आहोत ते पाहावे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गच्च्यांवर पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा गडाला वळसा घालून, तुटक तुटक येतो, आणि अशा वाऱ्यात उत्तम कन्नीचा पतंगही लोळतो. तोच पतंग गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर नेऊन, कन्नीची गाठ न हलवता, एकदा उडवून पाहावा.