केमो जास्तच लागू पडली तर?

‘कॅन्सरनं नाही, केमोनं किडन्या घालवल्या’ असं कुणी म्हटलं की वाद घालायचा मोह होतो. काही केमो औषधं मूत्रपिंडांना थेट इजा करतात, हे खरंच. पण रक्ताच्या कर्करोगात पहिल्या दोन-तीन दिवसांतच मूत्रपिंडं बसली, तर शंका उलटीच घ्यायला हवी: औषध फार झपाट्यानं लागू पडलं असेल. यालाच म्हणतात ट्यूमर लायसिस सिंड्रोम.

बर्किट लिम्फोमा किंवा तीव्र ल्युकेमिया अशा झपाट्यानं वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांत औषध लागू पडताच असंख्य पेशी एकदम फुटतात. पेशीतलं पोटॅशियम रक्तातल्यापेक्षा सुमारे ३० पट. ते रक्तात उतरलं की हृदयाची लय बिघडते. फॉस्फेट बाहेर पडून कॅल्शियमला धरून बसतं. कॅल्शियम घसरलं की पेटके, कधी झटकेही.

खरी गंमत युरिक ॲसिडची. डीएनएतल्या प्युरिन नावाच्या घटकांपासून हायपोझँथिन, त्यापासून झँथिन, मग युरिक ॲसिड. शेवटच्या दोन्ही पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज हे एकच विकर (एन्झाइम) उरकतं. बहुतेक सस्तन प्राणी पुढे युरिकेज हे आणखी एक विकर वापरून त्याचं सहज विरघळणारं ॲलन्टॉइन करतात. आपल्याकडेही युरिकेजचं जनुक आहे, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या वानरपूर्वजांतच ते निकामी झालं! त्यामुळे आम्लधर्मी मूत्रात युरिक ॲसिडचे स्फटिक होऊन मूत्रनलिका तुंबतात. मग सोडा देऊन मूत्र आम्लारी करावं? पूर्वी सर्रास करत. पण आम्लारी मूत्रात कॅल्शियम फॉस्फेट साचतं, म्हणून आता भर शिरेतून भरपूर पाणी चढवण्यावर.

ॲलोप्युरिनॉल हे औषध झँथिन ऑक्सिडेजला अडवतं, पण आधीच तयार झालेलं युरिक ॲसिड तसंच राहतं. तिथे रासब्युरिकेज हे औषध कामी येतं. हे चक्क युरिकेजच: ॲस्परजिलस बुरशीचं जनुक यीस्टमध्ये घालून बनवलेलं. रक्त काढल्यावर नळीतही ते युरिक ॲसिड फस्त करत राहतं, म्हणून नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. नाहीतर आकडा खोटाच कमी येतो.

‘केमो टाळा, आमचं चूर्ण घ्या’ म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. झपाट्यानं वाढणाऱ्या गाठीत हा प्रकार कसलंही औषध न घेता, आपसूकही घडतो. आणि काही लिम्फोमांत नुसत्या स्टेरॉइडनंही तो सुरू होतो. बिनलेबलच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणजे चूर्ण घेऊनही हा धोका टळत नाही; रुग्णालयात किमान पोटॅशियम तरी काही तासांनी पुन्हा तपासतात.