रक्षा कवच आणि कवच : नावात साम्य, कामात फरक

रेल्वेचा मोठा अपघात झाला की ‘टक्कर टाळणारे यंत्र तर कोकण रेल्वेने कधीच बनवले होते, मग घोडे अडले कुठे?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्यातली हळहळ रास्त आहे, मात्र दोन निराळ्या यंत्रणांची त्यात गल्लत झालेली असते. कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या पुढाकाराने घडवलेले टक्करविरोधी उपकरण म्हणजे ‘रक्षा कवच’. आज चर्चेत असलेली ‘कवच’ ही यंत्रणा रेल्वेच्या लखनौस्थित आरडीएसओ या संशोधन संस्थेने विकसित केली आणि जुलै २०२० मध्ये ती देशासाठी स्वीकारण्यात आली.

रक्षा कवचाची उपकरणे इंजिनात, गार्डच्या डब्यात, स्थानकांवर आणि फाटकांवर बसवली जात. ती उपग्रहांच्या आधारे आपले ठिकाण ओळखत, रेडिओवरून एकमेकांची चाहूल घेत आणि दोन गाड्या एकाच रुळावर धोकादायक अंतरात आल्यास ब्रेक लावत. २ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधील गैसाल येथे चुकीच्या मार्गावर गेलेली अवध-आसाम एक्सप्रेस समोरून येणाऱ्या ब्रह्मपुत्र मेलवर आदळली, तशा प्रसंगासाठी ही कल्पना चपखल होती. मेख होती ती ‘एकाच रुळावर’ या शब्दांत. शेजारशेजारच्या रुळांमध्ये जेमतेम पाच मीटरचे अंतर असते आणि उपग्रहावरून काढलेले ठिकाण तेवढ्याने सहज चुकू शकते. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग एकेरी असल्याने तिथे हा दोष फारसा जाचला नसता; दुहेरी मार्गांवर आणि अनेक रुळांच्या स्थानकांत मात्र विनाकारण ब्रेक लागण्याची भीती होती. पूर्वोत्तर सीमांत रेल्वेवर हे उपकरण मोठ्या प्रमाणावर बसवूनही ते देशभर का पसरले नाही, याचे एक महत्त्वाचे कारण हेच.

रक्षा कवच ‘जवळ कोण आहे’ हे पाहत असे, तर कवच ‘मला कुठवर जाण्याची परवानगी आहे’ हे पाहते. स्लीपरांवर बसवलेले रेडिओ टॅग इंजिनाला रूळ आणि जागा नेमकी सांगतात, स्थानकावरील यंत्र इंटरलॉकिंगकडून (सांधे आणि सिग्नल यांचा मेळ राखणाऱ्या व्यवस्थेकडून) सिग्नलची स्थिती घेऊन ती रेडिओने इंजिनापर्यंत पोहोचवते आणि लोको पायलटने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केले किंवा वेगमर्यादा ओलांडली तर ब्रेक आपोआप लागतात.

सिग्नलवरचा हा विश्वास हीच कवचाची मर्यादाही आहे. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळच्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गासाठी हिरवा सिग्नल होता, पण सिग्नल परिपथांच्या जोडणीतील चुकीमुळे रूळ बदलणारा सांधा बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला राहिला आणि गाडी तिथे उभ्या मालगाडीवर जाऊन धडकली. कवच असते तर त्यानेही इंजिनात तोच हिरवा दाखवला असता. याउलट २९ ऑक्टोबर २०२३ रोजी आंध्र प्रदेशात विजयनगरम जिल्ह्यात एक पॅसेंजर दुसरीवर मागून आदळली, तो अपघात अगदी कवचाच्या कामाचा होता. त्या मार्गावर ते नव्हते.

कवच सगळीकडे पोहोचायला लागणाऱ्या विलंबाचे मूळ त्याच्या रचनेतही आहे. टॅग, मनोरे, ऑप्टिकल फायबर, स्थानकातील यंत्र आणि इंजिनातील यंत्र यांपैकी एक जरी नसले तरी साखळी तुटते. दक्षिण मध्य रेल्वेवर सुरुवातीला कवच बसवलेल्या १,४६५ किलोमीटरमध्ये आपल्याकडचा मनमाड-मुदखेड मार्ग आला, पण यंत्र न बसवलेले इंजिन अशा सज्ज मार्गावरही पूर्वीसारखेच निव्वळ लोको पायलटच्या नजरेच्या भरवशावर धावते.